साठी बुद्धी नाठी: पण कोणाची?

जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळावा, अशी घोषणा पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली केली. तेव्हापासून आमच्या धर्मग्रामातही तो दिवस साजरा होतो. गेल्या वर्षी मिस्सानंतर सभागृहात एका तज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता, ‘वृद्धापकाळी मेंदू तल्लख कसा ठेवावा’. डॉक्टर विद्वान होते, वाणी प्रसन्न होती. रोज सकाळी चार बदाम व दोन अक्रोड खावेत, मोकळ्या हवेत पाऊण तास चालावे, शब्दकोडी सोडवावीत, एखादी नवी भाषा शिकावी, सात-आठ तास झोपावे, चिंता करू नये, असा त्यांच्या उपदेशाचा सारांश होता. समोर सत्तर-ऐंशी वृद्ध बसले होते, त्यांत बायाच अधिक.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक आजी उभी राहिली. म्हणाली, “डॉक्टर, मला अक्षर येत नाही. पाठच्या भावंडांना सांभाळायचं होतं म्हणून आईनं मला शाळेत घातलंच नाही. मग माझा मेंदू गेला म्हणायचा का?”

सभागृहात हशा पिकला. डॉक्टर हसले. व्यासपीठावर बसलेला मीही हसलो. आजी खाली बसली आणि आभारप्रदर्शन झाले.

त्या हसण्याची लाज मला रात्री वाटू लागली. कारण त्या निरक्षर स्त्रीने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न आज जगातील मोठमोठे मेंदूतज्ज्ञ विचारीत आहेत. आणि त्याला आम्ही दोघा शिकलेल्या माणसांनी दिलेले उत्तर होते हशा! हा लेख म्हणजे त्या आजीला उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि वाचकहो, ते उत्तर आपल्यापैकी पुष्कळांना, लेखकासकट, सुखावह वाटणार नाही.

म्हातारपणी बुद्धी का ओसरते, या प्रश्नाला आपल्या समाजात तीन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले दैववादी: वय झाले की असे व्हायचेच. दुसरे उपदेशकाचे: ज्याने देहाची व मनाची नीट निगा राखली नाही, त्याचे त्याने भोगावे. तिसरे दुकानदाराचे: ही बाटली घ्या. माझे म्हणणे असे, की यांतील तिसरे खोटे आहे, पहिले अर्धसत्य आहे आणि दुसरे सत्य असूनही अन्यायाचे आहे. मेंदू हा केवळ वर्षांनी म्हातारा होत नाही. बालपणी न मिळालेली पाटी, तरुणपणी न मोजलेला रक्तदाब, उतारवयात न मिळालेली सोबत, या सगळ्याची नोंद त्यात होत असते. मेंदूचे वार्धक्य ही जितकी निसर्गाची गोष्ट आहे, तितकीच ती समाजाच्या हिशेबाची गोष्ट आहे.

प्रथम दैववाद्यांचा समाचार घेऊ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे, की तिच्यावर शंका घेणे हाच बुद्धिभ्रंश वाटावा. वयाबरोबर आठवणीचा वेग मंदावतो, नावे जिभेवर येता येता निसटतात, हे खरे. परंतु चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. पहिला विसरभोळेपणा आहे, दुसरा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. वय हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण आहे, यात वाद नाही. पण ते एकमेव कारण असते, तर एकाच वयाच्या माणसांमधील त्याचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या तेच राहायला हवे होते. तसे ते राहिलेले नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चालू असलेल्या आरोग्य-पाहणीचा एक निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या तीन दशकांत तेथे स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण दर दशकास सुमारे २० टक्क्यांनी घटत गेले. माणसे तितकीच म्हातारी होत होती, पण बुद्धी पूर्वीइतकी नाठत नव्हती. मात्र या शुभवर्तमानाला एक पुरवणी होती: ही घट केवळ त्यांच्याच वाट्याला आली, ज्यांचे किमान माध्यमिक शालेय शिक्षण पुरे झाले होते. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी जुनी म्हण जशीच्या तशी खरी राहिली.

आता स्वदेशाकडे वळू. साठ व त्यापुढील वयाच्या भारतीयांची जी मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्या आधारे २०२३ साली संशोधकांनी अंदाज मांडला, की या वयोगटातील ७.४ टक्के माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत तो अधिक. दैववाद्यांनी सांगावे, की दैवाला बायाच का दिसतात? खेडीच का दिसतात? १९६१ च्या जनगणनेत या देशातील स्त्रियांची साक्षरता १५ टक्क्यांच्या आसपास होती. त्या साली जी मुलगी शाळेच्या वयाची होती, ती आज सत्तरीच्या घरात आहे. माझ्या सभागृहात मागच्या बाकावर बसली होती ती हीच मुलगी. बाकीच्या ८५ टक्क्यांतली.

बालपणीची शाळा आणि म्हातारपणीचा मेंदू यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे सर्वांत हृद्य उत्तर आमच्याच घरातून, म्हणजे कॉन्व्हेंटमधून आले आहे. अमेरिकेतील ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघाच्या ६७८ धर्मभगिनींनी डेव्हिड स्नोडन या संशोधकाच्या पाहणीत भाग घेतला. पाहणीचा आरंभ १९८६ साली झाला. सर्व भगिनी ७५ वर्षांपुढील होत्या. दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची आणि मरणोत्तर मेंदू संशोधनासाठी द्यायचा, असे त्यांनी मान्य केले होते. या पाहणीचे महत्त्व असे, की या स्त्रियांचे प्रौढपण जवळजवळ एकसारखे होते. एकच छप्पर, एकच स्वयंपाकघर, एकच दिनक्रम, तोच औषधोपचार. बदाम-अक्रोड असतील तर सर्वांनाच, नसतील तर कोणालाच नाहीत. तरीही वार्धक्य सर्वांचे सारखे नव्हते. उच्चशिक्षण घेऊन अध्यापन करणाऱ्या भगिनी कमी शिकलेल्या भगिनींपेक्षा अधिक जगत होत्या आणि अधिक काळ स्वावलंबी राहत होत्या.

पुढे संशोधकांच्या हाती आणखी एक ठेवा लागला. संघात प्रवेश केल्यानंतर, सरासरी बाविसाव्या वर्षी, या भगिनींनी आपापली आत्मकथने स्वहस्ते लिहिली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी अधिक होती, त्यांना साठ वर्षांनंतर स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी आढळले. ज्यांची वाक्ये विचारांनी विरळ होती, त्यांच्यात ते अधिक. हा निष्कर्ष १९९६ सालचा. म्हणजे कॉन्व्हेंटच्या दारात पाऊल ठेवताना बरीचशी बेरीज-वजाबाकी होऊन चुकली होती. घर कसे होते, बोलणे कसे होते, पुस्तके होती की नव्हती, यांचे ते संचित होते.

अधिक विलक्षण गोष्ट मृत्यूनंतर उघड झाली. शंभरी ओलांडलेल्या एका भगिनीच्या मेंदूत अल्झायमरच्या आजाराच्या खुणा विपुल होत्या. पण मरेपर्यंत तिची बुद्धी शाबूत होती. उलट ज्यांच्या मेंदूत त्या खुणांच्या जोडीला रक्तवाहिन्या तुंबून झालेले लहान लहान घाव होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश पुष्कळच अधिक प्रमाणात प्रकट झाला होता. यावरून दोन गोष्टी समजतात. एक, शिक्षणाने व मनाच्या व्यापाराने मेंदूत शिल्लक साठते. आजार येऊन लूट करू लागला, तरी शिल्लक असलेल्या घरात चूल पेटती राहते. दुसरी, रक्तवाहिन्यांची हानी ही त्या घराला मागच्या दाराने लागलेली गळती आहे. मेंदूचे वजन देहाच्या सुमारे दोन टक्के, पण प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. ज्या अवयवाचा रक्तावर इतका भार, त्याला चाळिशी-पन्नाशीतला उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांचे कर्ज म्हातारपणी व्याजासह फेडावे लागते.

येथे दुसरा प्रतिपक्षी, उपदेशक, आनंदाने टाळी वाजवील. “म्हणजे आमचेच म्हणणे सिद्ध झाले! चाला, मीठ कमी करा, तंबाखू सोडा.” त्याचे म्हणणे मी नाकारीत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली चौदा कारणे नोंदवली: अपुरे शिक्षण, बहिरेपण, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, रक्तातील वाईट मेद, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, नैराश्य, एकाकीपणा आणि प्रदूषित हवा. ही चौदाही दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे. पण ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि सांगा, यांतील किती गोष्टी एकट्या माणसाच्या इच्छेच्या अधीन आहेत? सहा वर्षांची मुलगी स्वतःला शाळेत घालू शकते का? चुलीचा धूर गिळणारी बाई धूर निवडते का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हवेतील सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेले प्रमाण ४० आहे. सकाळी फिरायला जा, असे सांगणाऱ्या उपदेशकाने कोणत्या हवेत फिरायचे हेही सांगावे.

उपदेशकाच्या हातातील उत्तम पुरावा फिनलंडचा. तेथे ६० ते ७७ वर्षे वयाच्या १२६० माणसांवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादींची देखरेख या चारही गोष्टी एकत्र दिलेल्या गटाची बुद्धी इतरांपेक्षा चांगली राहिली. २०१५ साली हा निकाल आला आणि जगभर जीवनशैलीचा डंका वाजू लागला. परंतु त्या प्रयोगात घडले काय? केवळ उपदेश झाला नाही. आहारतज्ज्ञ होते, व्यायाम करून घेणारे होते, गट जमवले जात होते, डॉक्टर व परिचारिका वेळोवेळी तपासत होत्या. उपदेश तर दुसऱ्या गटालाही मिळाला होता! अमेरिकेत अशाच धर्तीवर सुमारे २१०० वृद्धांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०२५ साली आला. स्वतःच्या मर्जीने बदल करणाऱ्या गटाची बुद्धीही सुधारली, पण नियमित बैठका, मार्गदर्शक आणि पाठपुरावा ज्यांना लाभला, त्यांची अधिक सुधारली. याचा सरळ अर्थ असा, की चांगली सवय हे एकट्याचे तप नाही. तिला सोबत लागते, सवड लागते, पैसा लागतो. ती सोबत न देता केवळ सवयीचा उपदेश करणे म्हणजे शिडी काढून घेऊन माणसाला माळ्यावर चढायला सांगणे होय.

गरिबी स्वतःच मेंदूला दमवते, हेही आता ध्यानात घ्यावे लागेल. तामिळनाडूतील ४६४ ऊस-उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धिपरीक्षा संशोधकांनी दोनदा घेतली: ऊस तुटण्यापूर्वी हात रिकामा असताना आणि ऊस तुटून पैसा आल्यावर. माणूस तोच, पण पैशाच्या चणचणीत त्याची उत्तरे चुकत होती. २०१३ सालच्या या निष्कर्षाचे तात्पर्य असे, की उद्याच्या भाकरीची चिंता बुद्धीचा मोठा भाग अडवून बसते. ती परीक्षा काही महिन्यांच्या चणचणीची होती. ज्यांचे सारे आयुष्यच ऊस तुटण्यापूर्वीच्या दिवसांसारखे गेले, त्यांना “चिंता करू नका” असे सांगणारे आपण कोण? २०२४ साली पंधरा देशांतील पाच हजारांहून अधिक माणसांच्या मेंदूचे चित्रण व विद्युत्-लेख तपासून संशोधकांनी त्यांच्या मेंदूचे ‘वय’ मोजले. जेथे सामाजिक-आर्थिक विषमता, प्रदूषण आणि आरोग्यातील दरी अधिक, तेथे मेंदूचे वय देहाच्या वयापुढे धावत होते. लॅटिन अमेरिकेतील देशांत हे ठळकपणे दिसले. विषमता ही आजवर आपण पोटाची गोष्ट समजत होतो; ती कवटीच्या आत शिरलेली आहे.

योहानकृत शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य गुरूला विचारतात, की पाप कोणाचे? याचे की याच्या आईबापांचे? प्रभू तो प्रश्नच बाजूला सारतो आणि कामाला लागतो. आमचा उपदेशक अजून शिष्यांच्याच प्रश्नापाशी उभा आहे.

प्रामाणिक वाचकाच्या मनात येथे आक्षेप येतील. श्रीमंतांना, पदवीधरांना, बिशपांना हा आजार होत नाही का? होतो. काहींच्या जनुकांतच त्याचा धोका अधिक असतो, आणि ते जनुक मिळकत पाहून येत नाहीत. ज्या घरात हे दुःख आले आहे, त्या घराने स्वतःला अपराधी मानू नये, हेही मला आवर्जून सांगायचे आहे. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: एकाकी माणसाचा मेंदू झिजतो, की मेंदू झिजू लागल्यामुळे माणूस एकाकी होतो? दोन्ही घडते. म्हणूनच केवळ पाहण्यांवर विसंबू नये. प्रत्यक्ष उपाय करून पाहिल्यावर काय झाले, ते विचारावे. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावच्याच प्रशिक्षित वैद्यकीय सेवकांनी रक्तदाब नियमित मोजला, स्वस्तात किंवा विनामूल्य गोळ्या दिल्या आणि चिकाटीने पाठपुरावा केला. चार वर्षांनी त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी भरले. हा निकाल २०२५ सालचा. येथे बदाम नव्हते, शब्दकोडी नव्हती. गावात एक माणूस होता, त्याच्या हातात रक्तदाबाचे यंत्र होते आणि तो पुन्हा पुन्हा दार ठोठावत होता.

कानाचेही तसेच. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ माणसांवर श्रवणयंत्रांचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२३ साली आला. सगळ्यांचा एकत्र विचार करता फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका अधिक होता, आणि त्यांत कमी शिकलेले व कमी मिळकतीचे लोक अधिक होते, त्यांच्या बुद्धीची घसरण यंत्रामुळे तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली. ज्याला उपायाची गरज सर्वाधिक, त्यालाच त्याचा लाभ सर्वाधिक. आणि आपल्याकडे यंत्र मात्र त्याच्याच कानात नसते.

तिसऱ्या प्रतिपक्ष्याला, दुकानदाराला, चार ओळी पुरेत. स्मरणशक्तीच्या गोळ्या, चूर्णे व बाटल्या यांच्या जाहिराती आपण रोज पाहतो. निरोगी माणसाचा स्मृतिभ्रंश टाळील अशी कोणतीही बाटली आजवर सिद्ध झालेली नाही. ज्या पैशात वर्षभराच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतील, तो पैसा आपली माणसे महिनाभराच्या टॉनिकवर उधळतात, कारण जाहिरात घरी येते आणि आरोग्यसेवक येत नाही.

आता मला माझ्याच अंगणात यायचे आहे. शासनाला दोष देणे सोपे आहे, आणि तो द्यायलाही हवा. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतील ६० ते ७९ वयोगटासाठीचा केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे महिना २०० रुपयांवर थिजून राहिला. दोनशे रुपयांत कोणता मेंदू तल्लख राहणार? पण समाज म्हणून आपण वसईकरांनी काय केले?

आपली मद्याची रीत पाहा. साखरपुडा, लग्न, बाप्तिस्मा, वर्षश्राद्ध, सण. कोणत्या प्रसंगाला बाटली नसते? अतिमद्यपान त्या चौदा कारणांत आहे. आणि ते रिकाम्या खिशालाच नव्हे, तर भरलेल्या खिशालाही सोडत नाही. आपल्यातल्या कित्येकांनी जमिनी विकल्या, बंगले बांधले. बंगल्याच्या तळमजल्यावर म्हातारी एकटी, मुले परदेशी, आणि बोलायला घरकामाची बाई व दूरचित्रवाणी. पूर्वी ओटीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला येणारा-जाणारा हाक मारी. आता कुंपणाला लोखंडी फाटक आहे. एकाकीपणा हे गरिबीचेच लक्षण आहे असे नाही. ते आपण पैसे मोजून विकत घेतलेले दुःखही आहे. कानाला कमी ऐकू येते हे कबूल करायला आम्हांला लाज वाटते, आणि त्या बहिऱ्या म्हाताऱ्याला “काही समजत नाही” असे म्हणायला मात्र लाज वाटत नाही.

आणि आम्ही धर्मगुरू? महिन्यातून एकदा आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जातो. दहा मिनिटांत प्रार्थना आटोपून पुढच्या घरी. किती घरांत मी आजीजवळ बसून तिचे बोलणे ऐकले? आमच्या चर्चमध्ये ध्वनियंत्रणा घुमते, पायऱ्या उंच आहेत, सभागृह आठवड्याचे पाच दिवस कुलूपबंद असते. चौथी आज्ञा मी दरवर्षी प्रवचनात समजावून सांगतो. आईवडिलांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या निधनानंतर मोठा मिस्सा मागणे नव्हे, हे मी किती वेळा ठणकावून सांगितले?

म्हणून आमच्या धर्मग्राम समितीपुढे मी चार मागण्या ठेवल्या आहेत, आणि इतर धर्मग्रामांनीही त्यांचा विचार करावा अशी विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर चाळिशीपुढील सर्वांचा रक्तदाब मोजावा, आणि ज्यांचा वाढलेला निघेल त्यांच्या घरी पाखाडीतील स्वयंसेवकांनी जावे. एकदा नव्हे, वारंवार. वर्षातून एकदा कान व डोळे तपासावेत, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या श्रवणयंत्रासाठी सणाच्या रोषणाईतून पैसा काढावा. सभागृह आठवड्यातून तीन दुपारी वृद्धांसाठी उघडे राहावे: गप्पा, गाणी, पत्ते, हातकाम आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना अक्षरओळख. चौथी मागणी मुलांविषयी आहे. घरच्या अडचणीमुळे दहावीपूर्वी शाळा सुटते अशा प्रत्येक मुलामुलीचे नाव समितीला ठाऊक असावे आणि त्याची शाळा पुन्हा सुरू होईपर्यंत समितीने स्वस्थ बसू नये. आज शाळेतून गळालेले मूल साठ वर्षांनंतर कोणत्या तरी सभागृहात मागच्या बाकावर बसलेले असेल.

आता त्या आजीचे उत्तर. तिला मी नंतर घरी जाऊन भेटलो. आमच्याकडच्या कितीतरी बायांप्रमाणे तीही ऐन उमेदीत भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. घरी सामवेदी, चर्चमध्ये मराठी, गिऱ्हाइकांशी हिंदी आणि गुजराती. जुडीचा भाव, उधारी, आडत, गाडीभाडे, सगळा हिशेब तोंडी. कागदाला कागद लागला नाही. मी तिला हैदराबादची हकीकत सांगितली. तेथील एका मोठ्या रुग्णालयातील ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडलेला दिसला. आणि हा फरक निरक्षरांमध्येही दिसला. “म्हणजे आजी,” मी म्हणालो, “शाळेनं तुम्हांला नाकारलं, पण बाजारानं तुमच्या मेंदूची शाळा भरवली. नवी भाषा शिका, असं डॉक्टर सांगत होते. तुम्ही तर चार बोलता. तुमचा मेंदू गेलेला नाही.”

मी हे तिचे दुःख पुसण्यासाठी म्हणालो नाही. बाजाराने शाळेची भरपाई होत नाही. तिचा जो हक्क हिरावला गेला तो गेलाच. आणि तिनेही माझे बोलणे फार मनावर घेतले नाही. म्हणाली, “फादर, ते ठीक. पण मला रात्री चक्कर येते, ती कशानं?”

दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा १८० होता. किती वर्षांपासून तो तसा होता, हे कोणी सांगू शकले नाही, कारण बाळंतपणानंतर तो कोणी मोजलाच नव्हता. व्याख्यानाच्या दिवशी ती सभागृहात दोन तास बसली होती. व्यासपीठावर डॉक्टर होते, धर्मगुरू होते, पुष्पगुच्छ होते. रक्तदाबाचे यंत्र नव्हते.